गेटपासून दारापर्यंत साठ फूट

अण्णा, चर अजून उघडाच आहे. गेट आणि घराचं दार यांच्या बरोबर मध्ये, तू खणलास तसाच, आडवा, गुडघ्याच्या वर येईल इतका खोल. त्याच्या अलीकडे, गेटच्या बाजूला, माझा वाळूचा ढीग. परवा तुझे दिवस झाले. आलेले पाहुणे चरावर टाकलेल्या फळीवरून एकेक करून आत आले आणि जेवून एकेक करून गेले. फळीवर पाय ठेवताना प्रत्येकाने एकदा खाली बघितलं आणि एकदा माझ्याकडे.  तोंडाने काही बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

आज सकाळी बसाप्पा मेस्त्री आला. गेटच्या आत पाऊल टाकलं नाही त्याने. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली, तुझ्या चराकडे एकदा बघितलं आणि कामाचं बोलला. उद्यापासून तो नंदगडच्या कामाला जाणार, एकदा गेला की दोन महिने इकडे फिरकणार नाही, आणि पाऊस तर तोंडावर आलाय. तेव्हा हा रस्ता करायचा का नाही, आणि करायचा तर कसा करायचा, हे चार वाजेपर्यंत सांगा म्हणाला.  चारला येतो, म्हणून तो गेला.

म्हणून हे लिहायला बसलो. तुला माहीत आहे, जन्मभर मी अडलो की तुला विचारायचो, तू सांगायचास, आणि मी बरोबर त्याच्या उलट करायचो. त्यात एक सोय होती. आता उलट कुणाच्या करू?

आपलं घर रस्त्याच्या खाली गेलं यात तरी आपल्या दोघांची चूक नव्हती. आप्पांनी बांधलं तेव्हा घर रस्त्याहून तीन पायऱ्या उंच होतं. मग दर डांबरीकरणाला रस्ता वर येत गेला. आता तर रस्त्यावरून जाणाऱ्याला आपल्या ओट्यावर बसलेल्या माणसाचं टक्कल दिसतं. तुझं दिसायचं. शहर हिंडलग्याच्या पुढे सरकत आपल्या दारात आलं, रस्ता वाढला, वाहनं वाढली, आणि रस्त्यावरचं सगळं पाणी आपल्या अंगणात. मागच्या दिवाळीत मी जुनी गाडी घेतली आणि ती पहिल्याच अवकाळीत गेटच्या आत रुतली. तू, मी आणि वहिनींनी ढकलून बाहेर काढली. वहिनींच्या नव्या लुगड्यावर चिखल उडाला तेव्हा त्याच म्हणाल्या, आता गेटपासून दारापर्यंत चांगला रस्ता करून घ्या. इथवर आपलं एकमत होतं.

मग मी पेव्हर ब्लॉकवाल्याला बोलावला. तरुण माणूस, चकाचक बूट, गाडीच्या डिकीत लाल, करडे, पिवळे असे सगळे नमुने. फोनवर शहरातल्या बंगल्यांचे फोटो दाखवायचा. दोन दिवसांत काम, तिसऱ्या दिवशी गाडी आत. मला तो एका बैठकीत पटला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि त्याला एकच गोष्ट विचारलीस, पाणी कुठं जाणार? तो म्हणाला, पाणी मुरतं अण्णा, दोन ब्लॉकच्या फटीतनं. तू उठलास, हौदातली बादली भरलीस आणि गेटपाशी जाऊन ओतलीस. पाणी सरळ उतरत आलं, त्याच्या बुटांना वळसा घालून गेलं आणि आपल्या उंबऱ्यापाशी येऊन बसलं.

"आता मुरीव," तू म्हणालास.

वहिनी आत तोंडाला पदर लावून हसल्या. मी हसलो नाही, कारण माणूस मी आणला होता. आज सांगतो, त्या बादलीतच माझी हार झाली होती, आणि ती मला कळलीही होती. पण हरलो म्हणायला जी अक्कल लागते ती आपल्या घराण्यात कुणालाच नाही. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

तुझा बेत बसाप्पाबरोबर ठरलेला. गेटपाशी उंचवटा, म्हणजे रस्त्याचं पाणी आत येणार नाही. आतल्या साठ फुटांना दोन्हीकडून मध्याकडे उतार. मध्यावर आडवं गटार, त्यावर लोखंडी जाळी, आणि गटाराचं पाणी बाजूला नारळांना. खाली जांभ्याच्या तुकड्यांची सोलिंग, त्यावर मुरूम, वर काँक्रीट, आणि काँक्रीट ओलं असतानाच खराट्याने रेघा, म्हणजे म्हशीचा पाय घसरणार नाही. गाडीसाठी रस्ता चाललाय आणि हा म्हशीचा विचार करतोय, म्हणून मी चिडलो. त्यात तू म्हणालास, तीन आठवडे पाणी मारायचं, तोवर गाडी बाहेर. आणि बसाप्पा कधी येणार विचारलं तर म्हणे, येतो की. मग तुम्ही दोघं माझ्यासमोर माझ्याबद्दल कन्नडमध्ये बोलायला लागलात. मला कन्नड येतं हे तुम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं. त्यासाठीच बोलत होतात.

त्याच दिवशी तू मला म्हणाला होतास, उद्यमबागेत फौंड्रीत एवढी वर्षं आहेस, तेवढी एक बिडाची जाळी ओतून आण. आणतो म्हणालो. आणली नाही.

आता वाळूचं. आपल्याकडे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला असलेल्या माणसाच्या घरात एक वेळ साखर नसेल, पण जळकी वाळू असणारच. साच्यातून निघालेली, काळी, बारीक. मालकाला ती टाकायची कुठे ही चिंता, आणि आपल्याला खड्डा भरायला फुकट. गल्लीत निम्म्या घरांच्या जोत्यात तीच आहे. मी म्हणालो, ब्लॉकच्या खाली हीच अंथरू. तू म्हणालास, ती वाळू पाणी धरून बसते, वर ब्लॉक नाचतील. मला राग आला तो तू चुकलास म्हणून नाही. सव्वीस वर्षं मी त्या वाळूत हात घालतोय. तिच्यात मातीचा अंश घातलेला असतो, ओल धरून ती एकमेकीला चिकटून राहावी म्हणूनच. साच्याला तेच पाहिजे असतं आणि रस्त्याला नेमकं तेच नको. हे मी तुला सांगायला पाहिजे होतं. ते तू, शेती करणाऱ्याने, मला सांगितलंस. फुकट ते पौष्टिक म्हणतात, माझी बुद्धी तिथे अडकली.

तू निपाणीला आत्याच्या मुलीच्या वास्तुशांतीला दोन दिवस गेलास आणि मी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या वाळू आणून गेटच्या आत ओतली. तू आलास, ढीग बघितलास, पाय धुतलेस आणि जेवलास. मी मनात म्हटलं, सुटलो. सकाळी कुदळीचा आवाज ऐकून उठलो तर तू त्या वयात, बनियनवर, मध्यावर आडवा चर मारत होतास. गटार तिथेच येणार होतं हे खरं. पण तो गटारासाठी खणला नव्हतास तू, माझ्या ब्लॉकवाल्याला अडवायला खणला होतास.

मी म्हणालो, "चर बुजव, मग ढीग उचलतो."

तू म्हणालास, "तू ढीग उचल, मग चर बुजवतो."

त्यानंतर तीन आठवडे आपण एकमेकांशी बोललो नाही. एका घरात, एका चुलीवरचं जेवत होतो. तू वहिनींना सांगायचास, तुझ्या दिराला म्हणावं मीठ इकडं दे. मी मीठ वहिनींकडे द्यायचो, त्या ते तुझ्याकडे सरकवायच्या. एकदा तर दोघांचेही ओठ हलले होते. पण जो आधी हसेल तो हरला, म्हणून तू भाकरीकडे बघितलंस आणि मी भिंतीकडे. मी हसायला पाहिजे होतं, अण्णा. मी धाकटा, माझं काय जाणार होतं?

त्या दिवशी सकाळी तू डेअरीला दूध घालून आलास, ओट्यावर बसलास आणि वहिनींना म्हणालास, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. घाम बघून मी फोन केला. रुग्णवाहिका लवकर आली, तिची काही चूक नाही. ड्रायव्हरने गेटमधून मागे घ्यायला बघितली तर मागचं चाक वाळूत गेलं. त्याने ती पुन्हा रस्त्यावर काढली. मग स्ट्रेचर आणलं, त्याची एवढीशी चाकं वाळूत फिरेनात. वाळूतून उचलून चरापाशी आणलं तर फळी त्या रुंदीची नव्हती. तू ओट्यावरून हे सगळं बघत होतास. मीही बघत होतो. 

शेवटी आपली निळी प्लास्टिकची खुर्ची घेतली. तुला बसवलं, एका बाजूने ड्रायव्हर, एका बाजूने मी. चरात उतरताना खुर्ची कलली आणि तुझा हात माझ्या मानेभोवती आला.

"पाडू नको रं," तू म्हणालास.

"न्हाय पाडत, अण्णा."

तीन आठवड्यांनंतर आपण हे बोललो. मी तुला पाडलं नाही. चर चढून वर आलो, ढिगाच्या कडेने घोट्यापर्यंत वाळूत पाय ओढत गेटपर्यंत गेलो. मागून वहिनी तुझ्या चपला हातात घेऊन येत होत्या. तू चपला घालणार नव्हतास, तरी त्यांनी घेतल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हा रस्ता असता तर..." आणि थांबल्या. मी वळून बघितलं. त्यांनी ओठ मिटून घेतले होते.

दवाखान्यात पोचल्यावर तू तासभरही राहिला नाहीस. मी डॉक्टरांना विचारलं, दहा मिनिटं आधी आलो असतो तर? ते म्हणाले, असं सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. ते पुन्हा तेच म्हणाले, खांद्यावर हात ठेवून. नाही म्हणाले असते तर मी सुटलो असतो, हो म्हणाले असते तर रडलो असतो. हे मधलं घेऊन मी पंधरा दिवस हिंडतोय.

आणि वहिनींचं ते अर्धं वाक्य. सुतकात त्यांनी मला चहा दिला, जेवायला वाढलं, औषधाची गोळी घेतली का विचारलं. भावजी म्हणताना आवाजही पूर्वीचाच. पण माझ्याकडे बघत नव्हत्या. मीही समोर जायचं टाळत होतो, न जाणो आज ते वाक्य पुरं करतील म्हणून. आणि अंथरुणावर पडलो की वाटायचं, करून टाका एकदा, शिव्या घाला, काहीही म्हणा.

तेराव्याच्या आदल्या दिवशी गोठ्याच्या खिडकीत तुझी बांबूची काठी सापडली, चाकूने दोन खाचा मारलेली. मी ओळखलं, जाळीचं माप. तू मला परत सांगणार नव्हतास, पण माप काढून ठेवलं होतंस. काल कामावर गेलो आणि पहिलं तेच केलं. लाकडी पट्ट्यांचा नमुना केला, साचा भरला आणि दुपारच्या ओतीत ती ओतून घेतली. तुझं माप जसंच्या तसं धरलं नाही. बीड थंड होताना आखडतं, म्हणून थोडं वाढवून धरावं लागतं. हे तुला माहीत नव्हतं. एवढ्या एका गोष्टीत मी बरोबर होतो, तर ते कौतुकाने ऐकायला तू नाहीस. जाळीचा तो पहिला तुकडा गाडीच्या डिकीतून आणला आणि ओट्यावर ठेवला, तुझ्या बसायच्या जागी. वहिनी येऊन त्यावरून हात फिरवून गेल्या.

इथवर लिहून झालं आणि बसाप्पा आला. आता झालं ते लिहितो.

चार वाजले होते. खांद्यावर नळीचं वेटोळं. तुला आठवतं ना, मागच्या पडवीचं काम केलं तेव्हा याच बसाप्पाने आपल्या दोघांना अशीच नळी धरायला दिली होती? पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला उभं राहतं, त्यावरून लेव्हल काढायची. टोकावर अंगठा दाबून चालायचं, जागेवर गेलं की दोघांनी एकदम अंगठा काढायचा. मी आधीच काढला आणि सगळं पाणी माझ्या पायावर. तू ओरडला नाहीस. पुन्हा नळी भरलीस, फुंकून बुडबुडे काढलेस आणि मला सांगितलंस, मी "आलं?" म्हणेन, तू "आलं" म्हण, मग काढ. आख्खी पडवी आपण "आलं? आलं" करत उभी केली.

मी बसाप्पाला म्हणालो, "मेस्त्री, अण्णांच्या मनासारखं करा."

त्याने नळी खाली ठेवली. "त्यांचं नका सांगू. ते गेले. तुमाला कसं पायजे ते सांगा."

मला वाटलं होतं तुझं नाव पुढे केलं की झालं. वर्षानुवर्षं तुला उलट बोललो, आता तुझ्या शब्दाबाहेर नाही, म्हणजे फिट्टंफाट. तो म्हातारा ते चालवून घेईना. मी ढिगाकडे बघितलं, चराकडे बघितलं. मग म्हणालो, "उतार पायजे. गटार हितंच पायजे. जांभा, मुरूम, काँक्रीट. वाळू माझी चुकली. गाडी तीन आठवडे भाईर राहू दे."

तेवढं म्हणायला मला पाच आठवडे लागले.

"मग दुसरं टोक धरायला माणूस लागंल," तो म्हणाला. "माझा गडी नंदगडला फुडं गेलाय. मी खुणा करणार."

मी कुणाला हाक मारावी म्हणून गल्लीत बघत होतो. मागून पावलं वाजली. वहिनी. तू गेल्यापासून त्या ओट्याच्या खाली उतरल्या नव्हत्या. सरळ आल्या, बसाप्पाने पुढे केलेलं टोक घेतलं, पदर खोचला आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांकडे बघितलं.

"त्या दिवशी मी बोलता बोलता थांबले, भावजी. हा रस्ता असता तर धा मिनटं वाचली असती. हेच म्हणणार होते मी."

मी मान खाली घातली. बसाप्पा खडू शोधायचं निमित्त करून बाजूला गेला.

"त्यातली पाच तुमची," वहिनी म्हणाल्या. "पाच त्यांची. चर काय तुम्ही न्हाई खणला."

मला हुंदका आला तो तिथे. त्या रडल्या नाहीत. रडून झालं असावं त्यांचं. मी काहीतरी म्हणायला गेलो, वयनी, मी त्या दिवशी... त्यांनी हात वर करून थांबवलं. "फुडं कधी मी हे बोलणार न्हाई. तुम्हीबी बोलू नका. धरा आता, मेस्त्री खोळंबलेत."

अंगठा दाबून त्या फळीवरून चर ओलांडून गेल्या, वाळूच्या कडेने गेटपर्यंत. नळी चरावरून लोंबत होती, आतलं पाणी हलत होतं. मी दारापाशी उंबऱ्याजवळ उभं राहून माझं टोक उंच भिंतीला लावलं. साठ फुटांवरून वहिनींचा आवाज आला.

"आलं?"

हुबेहूब तुझी तऱ्हा. एवढी वर्षं त्या आतून ऐकत होत्या म्हणायच्या.  मग मी "आलं" म्हणालो, दोघांनी अंगठे काढले, पाणी वरखाली होऊन थांबलं आणि बसाप्पाने भिंतीवर खूण केली.

तर हे असं ठरलं. बसाप्पा नंदगडचं काम चार दिवस पुढे ढकलतो म्हणालाय. जाळीचे आणखी पाच तुकडे लागतील, ते मी या आठवड्यात ओतून घेतो, माझ्या मापाने, वाढवून. रेघा खराट्याच्याच मारायच्या, म्हैस घसरायला नको. तुझी पाच मिनिटं तू ने, अण्णा, माझी पाच मी ठेवून घेतो. वहिनींनी वाटणी केली आहे, ती मला मान्य आहे.

ट्रॉली सकाळी सात वाजता येते. फावडं आणि पाटी आत्ताच गेटपाशी नेऊन ठेवली. चराला कुणी हात लावलेला नाही, तो आहे तसाच आहे. मी आधी ढीग उचलतो.